एका दिवसाचा उशीर

जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी व्हर्लिन क्राफ्टने मार्लिसबाईंना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं आणि त्यांच्या हातात एक छापील पत्रिका ठेवली. मार्लिस हॉगलंड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश आणि व्हर्लिन त्यांच्या खालोखाल ज्येष्ठ. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या, आणि आज दुपारी त्यांच्या निरोपाचं जेवण होतं. पत्रिकेत सगळी कारकीर्द आली होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत सहा वर्षं वकिली, सहा वर्षं काउंटीच्या सरकारी वकील, मग गाडीच्या डिकीत बर्फ उपसायचं फावडं टाकून अकरा वर्षं तीन काउंट्यांमधून फिरणाऱ्या जिल्हा न्यायाधीश, आणि शेवटी या इमारतीत बावीस वर्षं.

"शेवटची ओळ वाच," व्हर्लिन म्हणाला.

बाईंनी वाचली. 'तीनशे अठरा निकाल लिहिले. त्यांतला एकही आजवर फिरवला गेला नाही.'

"आणि फिरवला जाणारही नाही. तू निश्चिंत राहा."

"व्हर्लिन, बैठकीच्या आधी खटल्यावर एक शब्द नाही."

"मी कुठं खटल्यावर बोललो? मी पत्रिकेवर बोलतोय!" त्याने डोळे मिचकावले आणि त्यांच्या कपात साखरेचा एक खडा टाकून तो निघून गेला. वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस, अगदी नाकासमोर चालणारा, मनाने लोण्यासारखा. त्याला वाटत होतं आपण मैत्रिणीला निरोपाची भेट देतोय. बाईंनी मात्र पत्रिका उलटी करून ठेवली.

कारण आज जो खटला चालायचा होता त्यात बाईंचा एक जुना निकाल फिरवा, अशी मागणी होती. आणि तो फिरावा, अशी या इमारतीत सगळ्यांत जास्त इच्छा कुणाला असेल तर ती बाईंनाच होती.

तो निकाल त्यांनी इथल्या पहिल्याच वर्षी लिहिला होता. डार्ला फेटिग नावाच्या बाईचा चार वर्षांचा मुलगा खालच्या कोर्टाने तिच्यापासून कायमचा काढून घेतला होता. अपील करायची शेवटची तारीख तेरा जानेवारी. तेराला असं हिमवादळ झालं की माणसाला स्वतःचा हात दिसेना. टपालाची गाडी निघालीच नाही आणि डार्लाचा कागद चौदाला पोचला. कोर्टाच्या कचेरीत मात्र तेराला दोन कारकून चालत येऊन बसले होते, म्हणजे कागदोपत्री कचेरी उघडी होती. मे महिन्यात मार्लिसबाईंनी निकाल लिहिला: 'मुदत म्हणजे मुदत. आपल्या राज्यात हिवाळा दरवर्षी येतो, आणि तो येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.' वाक्य झकास जमलं होतं. कायद्याच्या कॉलेजात पोरांना ते पाठ करून घ्यायचे. डार्लाचं अपील कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि तेरा जानेवारीला स्वतः बाई कुठे होत्या? घरी. रस्ता बंद, म्हणून सकाळी फोन करून 'उद्या येते' म्हणाल्या आणि दिवसभर नवऱ्याशी, ऑरिनशी, पत्त्यांत क्रिबेज खेळत बसल्या. दोन डाव हरल्या. दुसऱ्या दिवशी कोर्टात गेल्या तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "रस्ता कसा होता?" कुणी म्हटलं नाही की बाई, तुम्हाला एक दिवस उशीर झालाय.

निकाल लिहिताना हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते दोन हिवाळ्यांनंतर, फावड्याने अंगण साफ करताना, आणि तेव्हापासून ते गेलंच नाही. पण कोर्ट आपण होऊन जुना निकाल उकरत नाही. कुणी तरी मागावं लागतं. वकील मंडळी ते झकास वाक्य वाचून आधीच हात टेकायची. आणि खरं सांगायचं तर बाईंनीही कुठल्या भाषणात, कुठल्या टिपणीत कधी सूचित केलं नाही की मागा म्हणून. तीनशे अठरातला एकही नाही, ही ओळ त्यांनाही आवडत होतीच की.

आता कोडी रेनफ्रोच्या वकिलीणबाईंनी मागितलं होतं. एप्रिलच्या वादळात कोडीचा कागद रानातल्या टपालपेटीत तीन दिवस पडून राहिला आणि एक दिवस उशिरा पोचला. खालच्या कोर्टाने काढून घेतलेली त्याची मुलगी सहा वर्षांची होती.

सुनावणीला कोडी मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, टोपी दोन्ही हातांत धरून. सरकारी वकिलाने मोठ्या आदराने मान झुकवली. "सरन्यायाधीशांच्याच शब्दांत सांगायचं तर, मुदत म्हणजे मुदत."

तोंडात मारल्यासारखं झालं. 'त्या वादळाच्या दिवशी तुम्ही स्वतः कुठे होतात हो?' हा प्रश्न बाईंच्या अगदी जिभेवर आला. पण मग तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा लागेल, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी समोरचं पान उलटलं.

साडेदहाला पाचही न्यायाधीश बैठकीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. या खोलीत दुसरं कुणी येत नाही. दारावर टकटक झाली तर सगळ्यांत कनिष्ठ न्यायाधीशाने उठायचं, आणि मतही आधी त्यानेच द्यायचं. मग एकेक पायरी चढत शेवटी सरन्यायाधीश. थोरांचं ऐकून धाकट्यांनी माना डोलवू नयेत म्हणून कुणा जुन्या सरन्यायाधीशाने घालून दिलेली ही रीत, आणि बाईंनी ती काटेकोर पाळली होती. आपली पाळी येईपर्यंत चेहऱ्यावरची रेघही हलू द्यायची नाही. आज त्यांना ती रीत जड गेली. आपण बोलू तेव्हा चार मतं पडून गेलेली असणार. चौघांनी मिळून आदराने, प्रेमाने त्यांचा निकाल सांभाळला तर कोडीच्या पोरीचं काय? बाई एकट्या विरोधात राहणार, आणि महिनाअखेरीला तर त्या घरी जाणार.

त्यात सगळ्यांत कनिष्ठ होती टेसा वायगेल. बावीस वर्षांपूर्वी ती बाईंचीच मदतनीस होती, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. डार्लाच्या निकालाचा पहिला मसुदा तिनेच टाइप केला होता. न्यायाधीश झाली तेव्हा शपथविधीत म्हणाली होती, मी जे काही शिकले ते या बाईंकडून. तिच्याकडून कसली आशा धरायची? आपलेच दात नि आपलेच ओठ.

टेसाने समोरचे कागद नीट केले, मग पुन्हा विस्कटले.

"त्या तेरा जानेवारीला मी इथे होते," ती म्हणाली. "समोरच्या गल्लीत खोली होती माझी, म्हणून चालत येता आलं. सव्वाआठला फोन वाजला. मी उचलला."

बाईंचा हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. फोन कुणी उचलला होता, हे त्या साफ विसरल्या होत्या.

"चीफ, तुम्ही होतात फोनवर. म्हणालात, टेसा, दारातली टपालपेटीसुद्धा दिसत नाहीये, उद्या येते. मी हजेरीवहीत लिहिलं, 'न्या. हॉगलंड, हवामान.' मग मे महिन्यात तुमच्या निकालाचा मसुदा टाइप केला आणि मूग गिळून गप्प बसले. सव्वीस वर्षांची होते, नोकरी नवी होती. आता अठ्ठेचाळीसची आहे, आता सबब नाही." तिने कागद बाजूला सारले. "तो निकाल तेव्हाही चूक होता. फिरवावा. रेनफ्रोचं अपील ऐकावं. हे माझं मत."

"टेसा!" व्हर्लिन लालबुंद झाला. "अगं, आजच्या दिवशी? ही काय बोलायची रीत झाली?"

"रीत हीच आहे, व्हर्लिन," टेसा म्हणाली. "आधी मी बोलायचं."

बाईंचे कान तापले होते. वीस वर्षं जे त्यांनी फक्त ऑरिनजवळ बोलून दाखवलं होतं ते आता टेबलावर पडलं होतं, सगळ्यांच्या देखत. लाज वाटली, चांगली सपाटून वाटली. आणि तिच्या मागोमाग असं हलकं वाटलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. त्यांनी चेहरा हलू दिला नाही. रीत ती रीत.

त्यानंतरचे आयव्हर्सन. ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "फिरवावा." त्यानंतरच्या न्यायाधीश पॅकबाईंची आई रानातल्या रस्त्यांवर टपाल वाटायची. "आई जायची नाही अशा दिवशी कुणीच जायचं नाही," त्या म्हणाल्या. "फिरवावा."

तीन झाले! बाईंचा जीव भांड्यात पडला.

व्हर्लिन मात्र अडून बसला. "त्या दिवशी मी माझं खालचं कोर्टच बंद ठेवलं होतं, हे कबूल. पण नियम ढिला केला की सगळेच वादळं शोधत फिरतील. निकाल राहावा." मग त्याने चौघांकडे पाहिलं. "मार्लिस, तुझी बाजू घेणारा मी एकटाच उरलोय की गं!"

"दोन दिवस उशिरा का होईना, तुलाही समजेल," बाई म्हणाल्या, आणि खोलीत पहिल्यांदा हसू फुटलं. "माझं मत, फिरवावा."

आता निकाल कोण लिहिणार ते ठरायचं होतं. त्यासाठी कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात आकडे कोरलेल्या लाकडी चकत्या. बहुमतातल्यांनी एकेक काढायची. मोठा आकडा येईल त्याने लिहायचं. मला हाच द्या असं सरन्यायाधीशाने कधी म्हणायचं नाही. टेसाने डबा पुढे सरकवला. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"आज डबा राहू दे," त्या म्हणाल्या. "हा मी लिहिते."

टेसाने डबा पुन्हा कपाटात ठेवला.

जेवणाला साठेक माणसं आली होती. आता निकाल बाहेर पडेपर्यंत खोलीतलं अक्षर बाहेर काढायचं नाही, त्यामुळे व्हर्लिनची चांगलीच पंचाईत झाली. हार्डवेअरच्या दुकानापासून त्याने पत्रिका झोकात वाचायला घेतली, डिकीतल्या फावड्यावर टाळ्या घेतल्या, आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबला. खोकला. पाणी प्यायला. "असो," म्हणून खाली बसला. छापील ओळ सगळ्यांच्या हातात होती. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"याला काय झालं?" ऑरिनने रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीवरून मान वर करून विचारलं.

"म्हातारा झालाय," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटलीतली अर्धी पेस्ट्री खाऊन टाकली.

निकाल महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाहेर पडला. अकरा पानं, त्यात एकही झकास वाक्य नाही. वादळाने रस्ते बंद असतील तो दिवस मुदतीत मोजायचा नाही, हे साध्या शब्दांत. कोडी रेनफ्रोचं अपील सप्टेंबरात ऐकलं जाईल. मुलगी परत मिळेलच असं नाही, पण त्याचं म्हणणं ऐकलं तरी जाईल. तेरा जानेवारीला आपण कुठे होतो तेही बाईंनी लिहिलं, फक्त क्रिबेज वगळलं. शेवटचा परिच्छेद दोन ओळींचा होता: 'डार्ला फेटिग यांचा कागद वेळेत आला होता. उशीर या न्यायालयाला झाला.'

डार्लाचा मुलगा आता सव्वीस वर्षांचा असणार, कुठे तरी, दुसऱ्याच आडनावाचा. ते काही परत येणार नव्हतं, आणि बाईंनी स्वतःला तशी थापही मारली नाही. त्यांनी निकालाची एक प्रत पाकिटात घातली, डार्लाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला आणि आपल्या दालनाची किल्ली टेसाच्या हातात दिली. टेसाने किल्ली घेतली आणि हात मात्र सोडला नाही.

"रागावलात का, चीफ?" तिने विचारलं.

"चीफ नाही, मार्लिस," बाई म्हणाल्या. "आणि बावीस वर्षं तू गप्प का बसलीस, याचा राग आहे. बोललीस त्याचा नाही."

टपाल कचेरीपाशी ऑरिनने गाडी थांबवली तेव्हा पाच वाजून गेले होते. बाईंनी पाकीट पेटीत टाकलं आणि पेटीवर लिहिलेली टपाल काढण्याची वेळ वाचली.

"आजची टपालगाडी गेली असेल," ऑरिन खिडकीतून म्हणाला. "एक दिवस उशिरा पोचेल."

बाईंना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

"पोचू दे," त्या गाडीत बसत म्हणाल्या. "एका दिवसानं काही बिघडत नाही."