खडूची ओळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक शिंप्याचे दुकान समोर आणा. मशीन बंद आहे. कापायच्या टेबलावर काळे कापड पसरले आहे आणि त्यावर पांढऱ्या खडूने लिहिले आहे, 'तू नाहीसच.'

हा शिंपी कवी होता. ओळ सुचली की हाताशी असेल त्या कापडावर लिहायची, मग ब्रशने झटकायची. एकदा झटकायची राहिली, आणि एक नवरदेव कोटाच्या पाठीवर 'तुला मी कधी मानले नाही' घेऊन स्वतःच्या लग्नाला उभा राहिला. ओळ देवासाठी होती. पण सासरच्यांना ते कोण पटवणार?

आज मात्र शिंप्याच्या लेकीला ते आठवूनही हसू येत नव्हते. आईचे ऑपरेशन होते. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत, म्हणून सोबत मावशी गेली होती. निघताना आई म्हणाली होती, "मी येईपर्यंत दोघांनी भांडायचं नाही."

लेकीने ओले फडके उचलले. "बाबा, हे पुसते मी."

"राहू दे. अर्धीच झालीय."

"त्यानं वाचलं तर?"

"कोणी?"

"माहितीये तुम्हाला कोणी." तिने फडके कापडाजवळ नेले. "राग तुमच्यावर येईल आणि काढेल आईवर."

"तो इतका खुनशी असेल, तर मग..." शिंपी मध्येच थांबला. त्याने सुईत दोरा ओवायला घेतला. डोळे झाकून काज करणारा माणूस, पण आज दोरा काही आत जाईना.

"बाबा, तुम्हीपण घाबरलात?"

"सकाळपासून."

"म्हणजे तो आहे ना?"

"हो म्हणवत नाही गं. आणि नाही म्हणायला आज जीभ रेटत नाही."

फोन वाजला. मावशी होती. "आत्ताच आत नेलंय. बाबांना सांग." फोन लगेच बंद झाला.

लेकीने निरोप सांगितला. दुकानात पंखा तेवढा फिरत होता. शिंप्याने खडू घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत ओळ पुरी केली, 'तू नाहीसच, तर मी रोज भांडतो कोणाशी?'

लेकीने ती दोनदा वाचली. मग काय केले असेल तिने? फडके बाजूला ठेवले, बापाच्या बोटांतून खडू काढून घेतला आणि एकदा वर पाहून ओळीखाली लिहिले,

'आई घरी येईपर्यंत दोघांनी भांडायचं नाही.'