तीन बोटांतलं एक बोट

मित्रांनो, मी हिरवळ कापायची एक जुनी हातमशीन आहे. मला वीज लागत नाही, पेट्रोल लागत नाही. कुणी मागून ढकलले की माझी पाच वळलेली पाती फिरतात आणि खालच्या सरळ पात्याला हलकेच स्पर्श करतात. मध्ये सापडलेले गवत कात्रीत धरल्यासारखे कापले जाते. तेव्हा होणारा बारीक, थंड आवाज मला फार आवडतो. तो ऐकत मी अजूनही दिवसा स्वप्ने पाहते.

माझे तरुणपण भिवपुरीजवळच्या एका वसाहतीत गेले. मी पुढे गेले की हिरवळीवर एक फिकट आणि एक गडद असे पट्टे उमटत. रंग तोच असे, फक्त गवताची पाती एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुकलेली असत. मुले त्या पट्ट्यांवरून तोल सांभाळत चालत. पुढे पेट्रोलची मशीन आली आणि मी शेडमध्ये गेले. कुंभारमाशीने माझ्या पोकळ दांड्यात मातीचे घर बांधले. तिच्या गुणगुणण्यात किती वर्षे गेली, मला सांगता येणार नाही.

मग शहरात राहणाऱ्या किरणताईंनी मला लोधिवलीला आणले. त्यांच्या नव्या घरापुढे पावसाळ्यात लावलेली हिरवळ होती. पूर्वी तिथे भाताचे खाचर होते. ते कसणारे धर्माजी आता त्याच जागेवर माळीकाम करत, आणि त्यांच्या पत्नी मालनबाई घर सांभाळत.

ऑक्टोबरात किरणताईंनी फोनवरून हिरवळ कापायला सांगितले. धर्माजींनी हिरवळ कधी कापली नव्हती. भात मात्र चाळीस वर्षे कापले होते. माझ्या रुळाजवळ उंची ठरवणाऱ्या पाच खाचा आहेत. त्यांनी मला सर्वांत खालच्या खाचेवर बसवले.

"अवो, येवढं खाली कशाला?" मालनबाईंनी विचारले.

"बुडाला ठेवलं तर कापलं काय?"

"मंग आता भारे बांधा नि खळ्यावर न्या," असे म्हणून त्या हसत आत गेल्या.

मला थांबायचे होते, पण मशीनला कुणी ढकलले की चालावेच लागते. आठ दिवसांत अंगण गोणपाटासारखे तपकिरी झाले. धर्माजी घाबरले. त्यांनी भाताला आवडते तेच केले. कडेने मातीचा बांध घातला आणि पाणी साठवले. भात पाण्यात उभे राहू शकते. या गवताच्या मुळांना मात्र मातीतली हवा लागते. खालचा कोपरा कुजू लागला.

रविवारी किरणताई आल्या. त्या रागावल्या नाहीत. धर्माजीकाकांचा यात दोष नाही, पण हिरवळ काही जमत नाही, तेव्हा सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवू, एवढेच त्या म्हणाल्या. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माणसे येणार होती. तीनच दिवसांत फाटकापाशी ब्लॉक येऊन पडले.

त्या संध्याकाळी धर्माजी माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"ही माती मी रिकामी बघितलीय गं," ते मालनबाईंना म्हणाले. "दगडाखाली नाय बघितली."

सकाळी अंगणातल्या झोपाळ्याखाली त्यांना एक हिरवी पट्टी दिसली. तिथे मी पोहोचले नव्हते. ते गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी गवत विंचरू लागले. खाली नुसत्या पांढुरक्या काड्या होत्या, हिरवे होते ते सगळे वर. मित्रांनो, पान हे गवताचे स्वयंपाकघर असते. तिथे उन्हावर त्याचे अन्न शिजते. आम्ही सगळी स्वयंपाकघरेच कापून नेली होती.

धर्माजींनी बांध फोडला. खाचराचे पाणी पूर्वी कुठून उतरे, हे त्यांना ठाऊक होते, तिथेच चर काढला. मग ते एक दिवसाआड सकाळी पाणी देऊ लागले, तेही माती बोटभर खोल ओली होईपर्यंतच. माझ्या पात्यांना त्यांनी धार लावली, तेल दिले. गवत आडवी तीन बोटे उंच झाल्याशिवाय मला बाहेर काढायचे नाही आणि तेव्हाही एकच बोट कापायचे, असा नियम केला. मालनबाई रोज बोटे लावून पाहत. अडीच भरली की म्हणत, "आज नाय. झोपू द्या तिला." ती म्हणजे मी.

डिसेंबरचा रविवार आला. हिरवळ पुरती भरली नव्हती. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढे डाग उघडे होते. किरणताई फाटकातून आल्या, थबकल्या, आणि चपला काढून दवावरून चालत गेल्या. धर्माजी टोपी हातात घेऊन उभे होते.

"ब्लॉक परत पाठवू या, काका," त्या म्हणाल्या.

"दोन ठेवा," धर्माजी म्हणाले. "मशीन ओलीत ऱ्हाते."

आता मी पडवीत त्या दोन ब्लॉकवर बसते. चाकांना ओल लागत नाही. समोर हिरवळ श्वास घेते, तिच्यावर चतुर तरंगतात, आणि मला पुन्हा झोप येते. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. गवत असो की दुसरे काही, कापायच्या आधी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसा आणि ते कशावर जगते ते पाहा. मग तीनातली दोन बोटे त्याची त्याला ठेवा.