आधी बाहेरच्या पेट्या

"आधी बाहेरच्या पेट्या चालू करायच्या, अंजू. त्यांचे दिवे थिरावले, की मग मुख्य पेटी. उलटं करायचं न्हाई. सायेब वरडला तरी न्हाई."

ऋषिराजचं हे बोलणं अंजनाच्या कानात सहा वर्षं जसंच्या तसं होतं. तो लष्करात सिग्नलला होता. सुट्टीवर आला, की स्वयंपाकघरातले डाळीचे डबे ओट्यावर मांडायचा, त्यांना सुतळीनं एकमेकांशी जोडायचा आणि मोठ्या कंपन्यांची माहिती कशी साठवतात ते बायकोला शिकवायचा. पुढं परतीच्या वाटेवर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात तो गेला. अंजनानं संगणकाचा अर्धा राहिलेला कोर्स पुरा केला आणि सांगलीतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात संगणक विभागात कामाला लागली.

खंडेनवमीची सकाळ होती. माधवनगरच्या घरात तिची सासू मनुबाई डबा बांधत होती.

"आज मशिनीची पूजा हाय न्हवं?"

"व्हय, आत्ती."

"मग म्होरं म्होरं करू नगंस. नारळाला हात लावू नगंस. मागं ऱ्हा."

मनुबाई स्वतः एकतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पोटच्या पोराच्या लग्नात त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआडून अक्षता टाकल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. जे आपल्या वाट्याला आलं, तेच त्या सुनेच्या हाती देत होत्या, घरातलं एखादं भांडं द्यावं तसं.

अंजनानं देवापुढं अखंड दिव्यात तेल घातलं, हात जोडले आणि डबा घेऊन निघाली.

इस्पितळात रोग्यांच्या आतल्या तपासणीचे फोटो साठवणारी मुख्य पेटी जुनी झाली होती, तिच्यातल्या डिस्क एकेक करून दम तोडत होत्या. म्हणून बाहेरून जोडायच्या दोन नव्या डिस्कपेट्या आणल्या होत्या. आठवडाभर अंजनानं एकटीनं ते काम केलं. पेट्या रॅकवर चढवल्या, केबली दोन वाटांनी नेल्या, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरी राहावी. प्रत्येक पेटीला तिचा क्रमांक दिला आणि तीन दिवस तीन रात्री सगळे फोटो जुन्या डिस्कवरून नव्यांवर उतरवले; उतरवता उतरवताच जुन्या डिस्क निकामी झाल्या. चाळीस हजार माणसांचे फोटो. त्यात जतकडच्या बिराप्पाचेही होते. त्याच्या डोक्यात गाठ होती. तीन वर्षं दर चार महिन्यांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी लावून, कापायची की राहू द्यायची, हे डॉक्टर सोमवारी ठरवणार होते. साताऱ्याच्या शाखेत या सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची होती. पण तिथली पेटी दिवाळीनंतर यायची होती. तोवर जे होतं ते एवढंच.

"तवर थांबूया, साहेब," असं तिनं ट्रस्टचे अध्यक्ष लालासाहेबांना दोनदा सांगितलं होतं. "मशीन चालूच हाय. पूजेसाठी बंद करून परत चालू करण्यात उगाच धोका."

"चालू? मुहूर्ताआधी चालू केलं तुमी?" लालासाहेबांची नजर तिच्या कपाळावर गेली आणि लगेच बाजूला वळली. "आवं अंजनाताई, तुमच्या कामाबद्दल आमचं काय बी म्हणणं न्हाई. पण पहिलं बटण सवाष्णीच्या हातानं दाबू द्या की. लोकं बघत्यात."

बंद तिनंच केलं. काळजीपूर्वक केलं. मग एका कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: आधी खालच्या दोन पेट्या, पाच मिनिटं थांबा, मग वरची. कागद रॅकच्या दारावर चिकटवला. विभागातला जयराज, लालासाहेबांचा पुतण्या, नवरात्रात रजेवर होता तो आदल्या दिवशीच आला होता. त्यालाही सांगितलं, "फोटो सगळे नव्या पेट्यांत गेल्यात, जयराज. क्रम चुकवू नकोस."

"आवं वैनी, मी काय येडा हाय व्हय?" जयराज मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

पूजेला सर्व्हरच्या खोलीत गर्दी झाली. दाराशी रांगोळी, रॅकला झेंडूचं जाड तोरण. त्या तोरणाखाली कागद झाकून गेला. अंजना बाहेर काचेपाशी उभी राहिली. लालासाहेबांची बायको मंगल हिरव्या शालूत आत आली, तिनं बाहेर बघून हाक मारली, "अंजना, तू ये की गं आत. कुठलं बटण ते मला काय कळतंय?"

"जयराज सांगंल तुला," लालासाहेब म्हणाले. "चल, वेळ झाली."

गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं आणि विचारलं, "यातलं मुख्य यंत्र कोणतं?"

जयराजनं वरच्या पेटीकडं बोट केलं.

"मग पहिला मान मुख्याचा."

काचेपलीकडून अंजनाला मंगलचा हात वर जाताना दिसला. तिनं काच वाजवली. आत आरती सुरू झाली होती, टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती दाराकडं धावली. दार उघडंच होतं. उंबऱ्यापुढं रांगोळीची एक रेघ होती.

इथं एक गोष्ट लिहायला हवी, आणि ती लिहिताना हात जड होतो. अंजनाला कुणी धरलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. तिला आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, थांबा. पण सहा वर्षं ज्या पायांना मागं राहायची सवय लावली, ते पाय रेघेपाशी थांबले. आरती संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. देवाच्या आरतीत कशाला अपशकुन, असं तिलाही वाटलं.

आत मुख्य पेटी जागी झाली. तिनं आपल्या डिस्क शोधल्या, सापडल्या नाहीत. बाहेरच्या पेट्यांची बटणं जयराजनं मागाहून दाबली. तेव्हा पडद्यावर चोवीस डिस्कची यादी आली. प्रत्येकीपुढं एकच शब्द होता: परकी. खाली दोन पर्याय होते. आत घ्या, किंवा पुसून टाका.

"च्यायला, परकी दाखवतंय," जयराज पुटपुटला. "कंपनीनं टेस्टिंगचं काय तरी ठेवलं असंल."

"आवर रं, फोटोवाला खोळंबलाय," लालासाहेब म्हणाले.

जयराजनं पुसून टाकलं. मग नवी मांडणी केली, आणि डिस्क कोऱ्या करायला लावल्या. हिरवे दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मंगलनं पेढे वाटले.

कापराचं तबक बाहेर आलं तेव्हा अंजना आत गेली. पडदा बघून ती जयराजकडं वळली.

"जयराज, काय केलंस?"

"पुसलं. परकी व्हती न्हवं?"

"परकी नव्हती रं. आपलीच होती."

पुण्याहून तज्ज्ञ आले, दोन दिवस बसले आणि हात झटकून गेले. डिस्कवर शून्यं लिहिली गेली होती, खालचं काहीच उरलं नव्हतं. मग बैठक झाली. तिथं क्रमाचा विषय फार चालला नाही.

"ह्या बाई काचेपाशी उभ्या व्हत्या का न्हवत्या, एवढं सांगा," एक विश्वस्त म्हणाले.

"बटण मी दाबलं," मंगल दाराशी उभी होती, ती म्हणाली. "तिनं हाक दिली आसती तर..."

"तू गप," लालासाहेब म्हणाले, आणि मंगल दारातून मागं सरली. तिच्याही पायांना काही सवयी होत्या.

अंजनाला पुढचं कळवेपर्यंत घरी राहायला सांगितलं. रोग्यांना काहीच कळवायचं नाही असं ठरलं. जो येईल त्याला 'सर्व्हर बंद आहे' म्हणायचं.

"मी म्हनलं व्हतं, मागं ऱ्हा. काचंपाशी बी नगं व्हतं," मनुबाई म्हणाल्या आणि ताटात भाजी वाढली. अंजना जेवली नाही. सासूनं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी ती तरीही इस्पितळात गेली. खिडकीपाशी बिराप्पाची बायको सुलाबाई उभी होती. बिराप्पा बाकावर, त्याचा उजवा हात मांडीवर सैल पडला होता.

"सर्वर बंद हाय म्हणं," सुलाबाई म्हणाली. "कवा चालू व्हायचा गं बाय?"

अंजनानं तिला बाजूला नेलं आणि खरं सांगितलं. साधं करून, हळू सांगितलं. जुने फोटो गेले. आता नवा एक काढायचा, चार महिने थांबायचं, दुसरा काढायचा, मग ठरेल.

सुलाबाईनं बाकावरच्या नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चार म्हैनं. ह्येचा हात दसऱ्यापास्नं घास बी उचलंना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन तुला म्हनं आत येऊ दिलं न्हाई? रांडमुंड म्हनून?"

"कुणी अडवलं न्हाई, मावशी. मीच थांबले."

"त्ये त्येच की." सुलाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "आमच्या एसटीला सात-आठ जण येत्यात, ह्याच दवाखान्यात. मनगुळीची हरणाबाई, वळसंगचा हरिबा. त्यास्नी सांगितलंय का कुणी?"

"न्हाई."

"मंग ती बी अशीच खिडकीतनं म्हागारी जाणार. भाडं घालून, दुखणं घिऊन."

"मी सांगते," अंजना म्हणाली. "एकेकाच्या दारात जाऊन सांगते. शब्द देते तुम्हाला."

सुलाबाईनं मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. तिनं नवऱ्याचा सैल हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं स्टँडकडं चालू लागली.

मंगळवारी अंजनानं उपवासाची भगर खाल्ली, पाण्याची बाटली भरली. मनुबाईंनी विचारलं, "कुठं?"

"जतला. सांगायचंय लोकांना."

"नोकरी ऱ्हाईल का?"

"न्हाई ऱ्हायची बहुतेक."

बोळात शेजारचा मुलगा दसऱ्याला घेतलेल्या मोटारसायकलवर बसून कुठंतरी मुलाखतीला निघाला होता. त्याची आई दाराशी दहीसाखर घेऊन उभी होती. अंजनाला बघून ती थबकली. अंजना सवयीनं भिंतीला लागून उभी राहिली, मोटारसायकल वळणापलीकडं जाईपर्यंत. मग पदर सारखा करून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.