मधल्या कारवीपर्यंत

निळा रंग

हा रंग मीच दिला होता, चार वर्षांपूर्वी. आता त्याच्यावर खडूनं दार काढत होतो.

भिंतीच्या अलीकडे खाटेवर महिपतबाबा. शहापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांच्या बायकोनं, सकूमावशीनं, विचारलं नाही. भिंतीच्या पलीकडे बाईजा, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ, धाऊ, तीन वर्षांपूर्वी गेला. बांधावरच्या दोन सागांवरून भावाभावांत बिनसलं आणि सोळा वर्षांपूर्वी घराच्या मधोमध ही भिंत उभी राहिली. पुढचं दार आणि ओटी धाऊकडे. चूल आणि गोठ्याकडचं मागचं दार बाबांकडे. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

मावशीनं मला परसात बोलावून सांगितलं होतं, "मुकेश, मागच्या दारानं शेण जातं, राख जाते. माज्या मानसाला तिथनं नाय नेनार. पुढच्या दारानं नेईन."

"बाबांना काय सांगू?"

"खिडकी सांग. वारा येल म्हन."

बाबांनी डोळे किलकिले करून खडूच्या रेघा पाहिल्या.

"जमिनीपासनं खिडकी?"

मी रेघ ओढत राहिलो.

"वीतभर डावीकडं घे," ते म्हणाले.

तापात बोलत असतील. तरी खडू पुसला, वीतभर डावीकडे घेतला.

सिमेंट

हेही माझंच.

त्याच्या आधी बाईजाची परवानगी. मावशी जाईना, म्हणून मी घराला वळसा घालून पुढे गेलो. बाईजा ओटीवर तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकलं. सूप थांबलं नाही.

"ती का नाय आली?"

एवढंच. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

मावशीनं निरोप ऐकला आणि पदर खोचला. "मधल्या कारवीपर्यंत, त्या काठ्यांपर्यंत, भिंत आपली. तितकी फोड."

"आणि पलीकडची अर्धी?"

"फोड म्हनते ना."

ग्राइंडर लावला. मुरबाडला सोसायटीच्या कामावर मी विटांच्या भिंतीत असंच दार पाडतो. चार रेघा, मग घण, संपलं. इथं पातं टेकताच सगळी भिंत थरथरली आणि वरची धूळ बाबांच्या गोधडीवर सांडली.

"माशीन बंद कर!" मावशी ओरडली. "कूड हाय तो. कारवी कापलीस तर आख्खा बसेल. गाठी शोध न् सोड."

बाबा खोकले, का हसले, कळलं नाही. "बिल्डिंगवाला," ते म्हणाले.

मग छिन्नी आणि हात. जाळीसकट सिमेंटच्या पापड्या निघाल्या.

शेणमाती

थरावर थर. प्रत्येक थरावर चार बोटांची वळणं, एकाच हाताची.

आणि एक चीर. वरपासून खालपर्यंत सरळ, ओळंबा लावल्यासारखी. दोन हात पलीकडे तशीच दुसरी. मी पुसून पुन्हा काढलेल्या खडूच्या रेघा बरोबर या दोन्हींवर आल्या होत्या.

"हितं दर साली फुटायचा," मावशी म्हणाली. "मी बुजवायची न् ह्यांना बोलायची. गावाचे कूड बांधता न् आपल्याच घरात बांधनी कच्ची? हे म्हनायचे, असूदे. म्हून तर तुज्याकडनं शिमिट लावून घेतला."

खाटेवर बाबांनी कूस बदलली.

कारवी

कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं आणि वाळतं. ही मागच्या नाही, त्याच्या आधीच्या फुलोऱ्याची. बोटाएवढ्या काठ्या, उभ्या, बांबूच्या आडव्या कामट्यांना बांधलेल्या.

पण कामट्या चिरेपाशी संपत होत्या. दोन चिरांमधली कारवी वेगळी बांधलेली होती, दाराएवढी ताटी, आणि बाकीच्या कुडाला ती फक्त सहा ठिकाणी अडकवलेली. सहा गाठी. ओढली की सुटेल अशी गाठ, सहाही.

मावशीनं एका गाठीवर बोट ठेवलं. मागं वळली नाही.

"हे कवा केलंत?"

"बांधतानाच."

तिचं बोट गाठीवरच होतं. बाबाच पुढे म्हणाले:

"धाऊ बोलला असता, तर त्याच दिशी काडली असती."

पलीकडची शेणमाती

ही आपली नव्हती.

आम्ही थांबलो. मावशी कारवीकडे बघत उभी. मी छिन्नी पुसत होतो, पुसण्यासारखं काही नसताना.

मग खरवडल्याचा आवाज. पलीकडून. खुरपं चिरेच्या रेघेनं वरून खाली येत होतं, अजिबात न चुकता. माती पडत गेली आणि कारवीच्या फटींतून उजेड आत आला, एकेक काठी वेगळी दिसेल असा.

"बाय," पलीकडून बाईजा म्हणाली, "सोळा वर्सं ही चीर बुजवतेय मी. तुमची बांधनी लय कच्ची."

 मावशीचा आवाज आला, तो भांडणाचा.

"तुज्या बाजूनं ओल येते म्हून."

"माज्या बाजूनं? ओटीवर ये न् बघ."

"दार दे, मग येते."

काहीच नाही

सहा गाठी सुटल्या. ताटी अख्खी निघाली. बाईजानं पलीकडून झेलली. मावशी मोकळ्या जागेसमोर उभी राहिली, पाऊल टाकेना.

"आता ने," बाबा म्हणाले.

"आता कशाला..." मावशी म्हणाली.

"मंग मला काय दिसनार हाय?"

खाट त्यातून जात नव्हती. मी त्यांना हातांवर उचललं. सिमेंटच्या गोणीपेक्षा हलके. निघालो, तर मावशीनं कोपर धरलं.

"डोकं पुढं. पाय पुढं नको. जिता हाय."

त्या अरुंद खोलीत मी बाबांना घेऊन उलटा फिरलो.

बाईजानं डोक्यावरून पदर घेऊन ओटीवर गोधडी टाकली. बाबा खांबाला टेकून बसले. रस्त्यावरून किन्हवलीची एसटी गेली.

"साग?" त्यांनी विचारलं.

"हायेत उभे," बाईजा म्हणाली. "कोन तोडनार?"

मावशी तिच्याशेजारी बसली. सूप मधे होतं. तिनं ते स्वतःकडे ओढलं आणि खडे वेचू लागली.

आठ दिवसांनी त्याच वाटेनं बाबांना पुन्हा बाहेर आणलं. मी होतो, बाईजाचा मुलगा साईनाथ होता, आणखी दोघे. या खेपेला पाय पुढे होते.