रडक्या गल्लीची साक्ष

रडक्या गल्लीचं नाव कशावरून पडलं, हे गाईडला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी तिथे रंगारी राहायचे, त्यांची ओली कापडं वर टांगलेली असायची आणि खालून जाणारा भिजायचा. पण गळक्या कापडांची गोष्ट ऐकायला कोण थांबणार? म्हणून त्याने वरची एक खिडकी दाखवून, लढाईवर गेलेल्या नवऱ्यासाठी तिथे जन्मभर रडलेली बाई उभी केली. पाहुणे रुमाल काढू लागले.

अडचण एकच. त्या खिडकीमागे त्याची सासू राहायची, आणि दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.

त्यात नगरपालिकेला हुक्की आली. प्रत्येक गल्लीत नावाची कहाणी कोरलेली दगडी पाटी लावायची. कहाणी खरी कोणती, हे गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगायचं, आणि ज्या गाईडची गोष्ट त्याच्याशी जुळणार नाही त्याचा बिल्ला काढून घ्यायचा. रडक्या गल्लीत वयाने सासूच्या वर कोणी उरलं नव्हतं.

बिल्ला गेला तर गाईडला दुसरं काही येत होतं कुठे? आठवडाभर त्याने सासूचा बाजार वर वाहिला, नळ दुरुस्त केला, गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकली.

"आई, फक्त 'बाई रडायची' एवढंच म्हणा."

"बघू," सासू म्हणाली. हे 'बघू' तो बायकोकडूनही ऐकत आला होता, आणि त्यातून होकार कधीच निघाला नव्हता.

नगरपालिकेचे साहेब आले. सासू इस्त्रीचा झगा घालून बसली होती.

"रडायची हो बाई. याच खिडकीत. माझ्या आजेसासूनं सांगितलंय."

गाईडचा जीव भांड्यात पडला.

"नवरा लढाईवर गेला म्हणून?" साहेबांनी विचारलं.

"कसली लढाई! नवरा आत घोरत होता. जावयापायी रडायची बिचारी."

"जावई काय करायचा?"

"दिवसभर गल्लीत उभा राहून लोकांना थापा मारायचा."

साहेबांनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. बाई जुळली, रडणं जुळलं, बिल्ला वाचला. मात्र यापुढे पाटीवरचीच गोष्ट सांगायची, असा हुकूम झाला.

आता गाईड रोज ती पाटी मोठ्याने वाचतो. पाहुणे पोट धरधरून हसतात. परवा एकाने विचारलं, "पुढे त्या जावयाचं काय झालं?"

गाईडने तोंड उघडण्याआधीच वरून उत्तर आलं, "अजून माझ्याकडेच जेवायला येतो!"