मापाचं लोणी

प्रयोगशाळेत तिला सगळे काटाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत ती श्वाससुद्धा सोडत नाही, अशी तिची ख्याती होती. घरचं, पिढीजात म्हणून लोक जे लोणी आणि चीज विकतात, ते खरोखर दुधाचं आहे की त्यात तेलाची भर घातली आहे, हे सांगणं तिचं काम. खरं निघालं तर हिरवा शिक्का, खोटं निघालं तर लाल. मधलं काही नाही.

रीत ठरलेली होती. लोण्यातली चरबी वेगळी काढायची, तिची वाफ करून यंत्रातल्या केसाएवढ्या नळीतून सोडायची. चरबीतलं एकेक आम्ल आपापल्या वेळी बाहेर पडतं आणि कागदावर एक शेंडा उमटवतं. मग ती शेंड्यांची रेघ खात्रीच्या लोण्याच्या रेघेशी ताडून बघायची. जुळली तर हिरवा.

आणि हे खात्रीचं लोणी होतं तिच्या आईचं. सहा वर्षांपूर्वी, मापासाठी अस्सल लोणी आणायचं कुठून म्हणून साहेब डोकं खाजवत बसले होते, तेव्हा हीच म्हणाली होती, "माझी आई करते. गाय दारातली, मध्ये तिसऱ्याचा हात नाही." तेव्हा एकदा ते कसून तपासलं आणि निकालाचा कागद भिंतीवर चिकटवला. त्यानंतर दर महिन्याला आईचा पत्र्याचा डबा यायचा आणि न तपासता थेट फ्रीजमध्ये जायचा. नवीन डबा आला की त्याचीच रेघ माप; ती भिंतीवरच्या कागदाशी कुणी ताडत नसे. आईला याचा कोण अभिमान. शेजारणीला सांगायची, "माझ्या लोण्यावर जगाचं लोणी मोजतात." शेजारीण म्हणायची, "मग मीठ जरा बेतानं घाल, जगाला रक्तदाब आहे."

त्या महिन्यात टेकडीपलीकडच्या एका म्हाताऱ्या गवळ्याचं लोणी नापास झालं. दोन रेघा काही केल्या जुळेनात. काटाबाईनं लाल शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी गवळी टोपी हातात धरून तिच्या टेबलासमोर उभा.

"काका, यंत्राचं कुणाशी वैर नसतं," ती म्हणाली.

"नसेल. पण बाई, माझ्या लोण्यात माझ्या गाईंशिवाय कुणी नाही. तुमचं माप एकदा तपासून बघा."

तिला हसूच आलं. "माप मला लहानपणापासून माहीत आहे."

"मलाही माझी बायको चाळीस वर्षं माहीत आहे," गवळी म्हणाला. "परवा कळलं, तिला डाव्या कानानं ऐकूच येत नाही. मी आपला सगळा जन्म डावीकडून बोलतोय."

दोन आठवडे तो डावा कान तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी, गवळ्याचं तोंड बंद करू म्हणून, तिनं आईच्या डब्यातलं चिमूटभर लोणी यंत्रात घातलं आणि त्याची रेघ भिंतीवरच्या जुन्या कागदाशी ताडली.

दुधाच्या चरबीचं म्हणून जे आम्ल असतं, त्याचा शेंडा निम्म्यावरच थांबला. दुसऱ्या तपासणीत, जे फक्त वनस्पती तेलात सापडतं, ते ठसठशीत हजर. तिनं नळी धुतली, परत घातलं. तेच. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा तिचं तिलाच कळलं की ही आता तपासणी राहिली नाही, विनवणी झाली आहे.

शनिवारी ती आईकडे गेली. चार महिन्यांनी. डबा बसच्या ड्रायव्हरबरोबर यायचा, त्यामुळे जायचं राहूनच गेलं होतं. गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत जमीन धुतलेली, कोरडी. दावं खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेलं.

आई स्वयंपाकघरात लाकडी साचा पुसत होती. हाताची बोटं वाकडी झालेली. साचा दोनदा निसटला.

"कधी गेली?"

"कोण?"

"गाय, आई."

आईनं साचा खाली ठेवला. "दोन महिने झाले. सकाळी उठलीच नाही. वयच झालं होतं. माझ्यापेक्षा शहाणी, वेळेवर गेली."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता डबा नको." आई फडक्याची घडी घालू लागली. "डबा पोचला की तुझा फोन यायचा ना, पोचला म्हणून. तेवढाच यायचा."

ती खुर्ची ओढून बसली.

"दुकानातून स्वस्तातलं नाही गं आणलं मी," आई घाईघाईनं म्हणाली. "चांगल्यातलंच आणलं. पुडक्यावर गाईचं चित्र होतं. तीनदा गार पाण्यातून काढलं, मीठ घातलं, आपल्या साच्यात दाबलं. तुलासुद्धा कळलं नाही ना?"

आईच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखं काहीतरी होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही कळलं मला."

सोमवारी तिनं नोंदवहीत लिहिलं: खात्रीचा नमुना अशुद्ध, वनस्पती चरबीची भेसळ. लाल शिक्का मारला. साहेब खांद्यावरून वाकून बघत होते. "काटाबाई, गुपचूप दुसरं माप आणू. लिहिता कशाला?"

"काकांचा लाल पुसायचा तर कुठेतरी उमटायला हवा."

गवळ्याचं लोणी तिनं यंत्राच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून परत तपासलं. निर्मळ. हिरव्या शिक्क्याचा कागद घेऊन ती स्वतः टेकडीपलीकडे गेली. तिथलाही गोठा धुतलेला होता.

"लाल शिक्का म्हटल्यावर दूध-लोणी घेणार कोण?" गवळी म्हणाला. "दिल्या गाई. मागच्याच आठवड्यात."

तो बोलला त्याच दिवशी तिनं माप तपासलं असतं तर गाई दावणीला असत्या. हे त्याला माहीत होतं, तिलाही होतं.

आतून त्याची बायको ओरडली, "कोण आलंय?"

तो आत तिच्या उजवीकडे जाऊन म्हणाला, "आपलं लोणी पास झालं."

"नापास कधी होतं?" बायको म्हणाली.

गवळी परत बाहेर आला. "माप कुणाचं होतं, बाई?"

"माझ्या आईचं."

त्यानं कागद तिच्या हातून घेतला. "तिला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू." मग कागदाची चौघडी करून त्यानं खिशात घातली. "पण तुम्ही विसरू नका."

महिनाअखेरीला बसच्या ड्रायव्हरनं डबा आणून दिला. ती तो यंत्राकडे घेऊन गेली नाही, फ्रीजमध्येही ठेवला नाही. आपल्या टेबलावर उघडला. साच्याची पानाची नक्षी एका बाजूला फिसकटली होती. तिनं पावाच्या तुकड्यावर लोणी लावलं, एक घास खाल्ला आणि फोन केला.

"आई, पोचला डबा."

"कसं झालंय?"

तिनं फिसकटलेल्या नक्षीवर झाकण लावलं.

"नेहमीसारखं," ती म्हणाली. "जेवलीस का?"