बटाट्याकडे द्या

त्याने कंट्रोलर उशीवर आपटला आणि दोन्ही हात टीव्हीच्या दिशेने पसरले.

"गेला! अर्धा डाव टाकून गेला हा!"

सोफ्यावर, प्लास्टरमधला पाय स्टुलावर टेकवून बसलेल्या सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

"कोण गेलं?"

"हा, माझ्याच संघातला. वादळवीर. नाव बघा आणि करणी बघा."

"काही काम निघालं असेल."

"काम होतं तर खेळायला बसला कशाला, बाई?"

त्यांना सगळेच बाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत व्हॉलीबॉल शिकवला होता आणि निवृत्त होऊनही बाईपण काही सुटलं नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी जावयाच्या जिभेवर 'आई' हा शब्द आला नव्हता. बाईंचंही 'तुम्ही'वर भागत होतं. जिन्यावरून घसरून घोटा मोडला आणि त्या सहा आठवड्यांसाठी लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा बुधवारी एकमेकांशी बोलायचं काय, हा प्रश्न दोघांनाही पडला. बुधवारी त्याची सुट्टी, आणि बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून साडेपाचच्या आत घरी येत नसे.

उरलेले सहा दिवस तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात त्याच्यासारखा थंड डोक्याचा माणूस शोधून सापडला नसता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत माणसं रडकुंडीला आली, की हा बंद दारापाशी तोंड नेऊन शांतपणे सांगायचा, "मी इथेच आहे. दोन मिनिटं द्या." आणि ती दोन मिनिटं वीस झाली तरी आवाज चढायचा नाही. तोच माणूस बुधवारी दुपारी टीव्हीसमोर फरशीवर बैठक मारायचा आणि तासाभरात घर डोक्यावर घ्यायचा.

खेळ तसा साधा होता. पाच जण इकडे, पाच तिकडे, मध्ये एक लांब पूल. पुलाच्या मध्यावर एक कंदील. तो उचलून पलीकडच्या मनोऱ्यात नेऊन ठेवायचा. कंदील हातात असला की हत्यार चालवता येत नाही. सोबत्यांनी राखण करायची, नाहीतर कंदील दुसऱ्याकडे फेकायचा. खेळणारे कुठून कुठून आलेले असत. कोणी कोणाला ओळखत नसे आणि ओळखायची इच्छाही फारशी कोणाला नसे.

या सगळ्याविषयी त्याची मतं ठाम होती. खेळाच्या सार्वजनिक पानावर त्याने ती मुद्देसूद लिहून टाकली होती. लोक अर्ध्यातून पळतात. ज्यांच्याकडे विकत घेतलेलं चिलखत आहे त्यांना हात लावायची सोय नाही. संघ जुळवणारी यंत्रणा आंधळी आहे, ती चार बिनडोक गोळा करून पाचव्याच्या गळ्यात बांधते. काही जण पुलावर उभे राहून पाणी बघत बसतात. शिव्या देणाऱ्यांना शिक्षा नाही, आणि त्याने एकदाच दिली तर त्याला दोन दिवस बाहेर बसवलं. असे आठ मुद्दे. खाली एकाच माणसाने उत्तर दिलं होतं: झेपत नसेल तर सोड.

मागच्या बुधवारी त्याने ते सगळं बाईंना वाचून दाखवलं होतं. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"यात तुमचा मुद्दा कितवा?"

"सगळे माझेच आहेत की."

"तसं नाही. तुमचं काय चुकतं, तो."

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तो उठून पाणी प्यायला गेला आणि येताना बाईंसाठीही पेला भरून आणला, म्हणजे राग आला असं वाटायला नको.

पण आजचा बुधवार वेगळा होता. संध्याकाळी सहाला हंगाम संपत होता. दोन वर्षं तो तांब्याच्या पायरीवर अडकून पडला होता. चांदीला हात लावायला एक विजय, फक्त एक, कमी होता. सहानंतर सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी. सकाळपासून तो सात डाव खेळला होता आणि सातही वेळा तोंडघशी पडला होता. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"हा बटाटा कोण?" बाईंनी मागून विचारलं.

"त्याचं नावच काढू नका. सकाळपासून तिसऱ्यांदा माझ्याच वाट्याला आलाय. पुलावर चढतो आणि उजव्या कठड्याला चिकटून उभा राहतो. मारत नाही, मार खात नाही. नावाप्रमाणे बटाटा."

"उभा नाही राहत तो. जागा धरतो."

त्याने मान वळवली.

"तुम्ही कंदील उचलता," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टुलावरच्या वर्तमानपत्राची घडी केली आणि त्यावर बोट फिरवू लागल्या, जणू मैदान आखत होत्या. "समोरचे चौघं तुमच्या अंगावर येतात. आले की ही बाजू रिकामी पडते. ती रिकामी पडायच्या आधीच बटाटा तिथे पोहोचलेला असतो. तिन्ही वेळा. आणि तुम्ही तिन्ही वेळा मान खाली घालून सरळ त्या चौघांत घुसलात."

"मग काय करायचं? त्याच्याकडे द्यायचा? आणि त्याने घालवला तर?"

"तर घालवेल. तुम्ही सात वेळा घालवलातच की."

त्याने उशीवरचा कंट्रोलर उचलला, तळहाताचा घाम पँटला पुसला आणि नवा डाव मागितला. पडद्यावर संघाची नावं एकेक उमटली. पाचवं नाव बटाटा.

"घ्या!" त्याने कपाळाला हात लावला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या होत्या. पहिली कशीबशी जिंकली, कारण समोरच्यांपैकी एक जण उशिरा आला. दुसरीत कंदील त्याच्या हातात आला, चौघं चालून आले, उजव्या कठड्यापाशी बटाटा दिसलाही. अंगठा फेकायच्या बटणावर गेला आणि तिथेच अडला. होईल, आपल्यालाच होईल, असं म्हणत तो घुसला आणि पुलाच्या मध्यावर आडवा झाला. एक-एक अशी बरोबरी झाली. बाईंनी वर्तमानपत्राची घडी मोडली आणि पुन्हा घातली. ते बोलण्याहून वाईट होतं.

तिसऱ्या फेरीची शिट्टी झाली. तो धावला, सगळ्यांच्या आधी कंदिलापाशी पोहोचला, उचलला. समोरून ते आले. चिलखतवाला सगळ्यांत पुढे, त्याच्या मागे तिघं, रांगेत. पाचवा मनोऱ्याशी पहाऱ्यावर. त्याने श्वास रोखला, खांदे पुढे काढले.

"बटाट्याकडे द्या!"

तो आवाज त्याने आठ वर्षांत ऐकला नव्हता. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा, पन्नास मुलींना जागच्या जागी थांबवणारा आवाज. खिडकीच्या काचा थरथरल्या. त्याच्या डोक्याने काही ठरवायच्या आत अंगठा दाबला गेला होता.

कंदील हवेत उडाला. पिवळा ठिपका चौघांच्या डोक्यांवरून गिरकी घेत गेला आणि उजव्या कठड्यापाशी, तयार असलेल्या दोन हातांत पडला.

चौघं वळणार, तेवढ्यात त्याने हत्यार उपसलं आणि त्यांच्या वाटेत उभा राहिला. इतक्या डावांत त्याने हे कधी केलं नव्हतं. चिलखतवाल्यासमोर टिकणं शक्यच नव्हतं; पण त्याला जिंकायचं नव्हतंच, अडवायचं होतं. चार सेकंद मिळाले. मग तो आडवा झाला, त्याचा पडदा राखाडी झाला आणि हातात काही उरलं नाही. कंट्रोलर नुसता वजनाला.

आता फक्त बघायचं.

बटाटा कठड्याच्या सावलीतून चालला होता. धावत नव्हता, चालत होता. मनोऱ्याच्या अलीकडे दहा पावलांवर तो थांबला.

"अरे जा ना! थांबला का हा! जा की मेल्या!"

"गप्प!" बाईंचा पंजा त्याच्या खांद्यावर पडला. "बघू द्या त्याला."

पहाऱ्यावरचा पाचवा दारासमोरून डावीकडे गेला. त्याची पाठ वळली. बटाट्याने तेवढीच वाट पाहिली होती. तीन उड्या, दार, चार पायऱ्या, आणि मनोऱ्याच्या माथ्यावर कंदील लागला. सगळा पूल उजळून निघाला.

तो किती उंच उडाला हे त्याला कळलं नाही. खाली आला तेव्हा त्याचे दोन्ही हात बाईंच्या हातांत होते आणि बाई प्लास्टरचा पाय स्टुलावर धाडधाड आपटत होत्या.

"जिंकलो!" त्या ओरडत होत्या. "पाणी पाजलं! चौघांनाही पाणी पाजलं!"

"पाय, बाई, पाय!"

"जाऊ द्या हो पाय!"

पडद्यावर चांदीची पट्टी झळकली. खाली पाचही जणांचे गुण लागले होते आणि त्यात त्याचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि त्याला हसू फुटलं. मग बटाट्याचा निरोप आला, एकाच ओळीचा: 'आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे दिला.'

त्याने तो मोठ्याने वाचला. बाई हसता हसता थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"अशीच उभी राहायची ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमची बायको. माझ्याच संघात होती. माहीत नाही तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. टीव्हीवर कसलाही सामना लागला की बायको उठून आत जायची, म्हणून तिला खेळांचा कंटाळा आहे, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं.

"अंतिम सामना," बाई म्हणाल्या. "शेवटचे दोन गुण. जाळ्याच्या उजव्या टोकाला ती मोकळी होती, हात वर करून. मी बाकावरून ओरडले, दुसरीकडे द्या."

"का पण?"

"माझी मुलगी ना. लोक म्हणाले असते, बाईंनी लेकीला पुढे केलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सामना गेला ते जाऊ द्या. घरी येऊन तिने बूट कोणाला तरी देऊन टाकले. मीही विचारलं नाही कुणाला दिलेस म्हणून. एकोणीस वर्षं झाली."

तो सोफ्याच्या कडेवर, बाईंच्या शेजारी बसला. आजवर त्या सोफ्यावर दोघांच्या मध्ये नेहमी एक उशी असायची. ती आता फरशीवर पडली होती.

दारात किल्ली फिरली.

"काय चाललंय?" बायको एका पायातली चप्पल काढत म्हणाली. "खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय. मला वाटलं, आई पडली."

"आम्ही जिंकलो," तो म्हणाला.

"कोण आम्ही?"

"मी आणि... आई."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याचा त्यालाच ऐकू आला. बाईंनी मान वळवली नाही. त्या लेकीकडे बघत होत्या.

"त्या दिवशी," बाई म्हणाल्या, "तू मोकळी होतीस."

बायकोच्या पर्सचा पट्टा खांद्यावरून अर्धा उतरला होता, तो तिथेच राहिला. कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही.

"हो," ती म्हणाली. "होते."

"मला दिसलं होतं."

"मलाही दिसलं होतं, तुला दिसलंय ते." तिने पर्स खुंटीला अडकवली. मग उगाचच ती सरळ केली. वळली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता, रडू आणि हसू यांतलं आधी कोण येणार हे न ठरलेला. हसू आधी आलं. "एकोणीस वर्षं लागली होय गं तुला हे सांगायला?"

"लागली."

"चहा टाकू?"

"चहा हे टाकतील. तू बस इथे."

बाईंनी दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून बाजूला घेतला आणि सोफ्यावर जागा केली. त्याने कंट्रोलर बायकोच्या हातात दिला. फेकायचं बटण कुठलं, धावायचं कुठलं, तो दाखवू लागला. पण ती ऐकत नव्हती, पडद्यावरचा पूल बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंट्रोलर मांडीवर ठेवून तिने बाह्या कोपरांच्या वर सरकवल्या. सोफ्याच्या अगदी कडेला आली. टाचा उचलल्या.

"आई, ओरडायचं नाही हं."

"नाही ओरडत."

शिट्टी झाली. तो चहाचं आधण ठेवायला आत गेला, गॅस पेटवला, आणि पाणी कोमट व्हायच्या आतच बाहेरून तो मैदानी आवाज आला. भांडी खणखणली, खालच्या मजल्यावरचं कोणीतरी खिडकीतून वर डोकावलं.

"जा! जा, पोरी! मोकळी आहेस, जा!"